एका सर्वनामाची बखर

इंग्रजी भाषेंतील जे शब्द अगदीं लहान मुलांच्याहि तोंडीं असतात, तेच परभाषेंत नेतांना पुष्कळदां सर्वांत अवघड ठरतात. मोठमोठे शास्त्रीय शब्द त्या मानानें सोपे. त्यांचे अर्थ आधींच बांधलेले असतात आणि कोश उघडला कीं काम भागतें. परंतु ‘यू’ हा एवढासा शब्द घ्या. पाणी हवें का, एवढाच प्रश्न इंग्रजींत कोणीं कोणास विचारला, तर त्यांत ‘यू’ हें एकच सर्वनाम येतें. मग समोर राजा असो, नोकर असो, स्वतःची आई असो, कीं पांच-पन्नास लोकांची सभा असो. हाच प्रश्न स्पॅनिश भाषेंत न्यावयाचा तर निदान पांच वाक्यें पुढें येऊन उभीं राहतात. जवळच्या एका माणसास विचारावयाचें तर ‘किएरेस अग्वा?’, मान राखून विचारावयाचें तर ‘किएरे उस्तेद अग्वा?’, स्नेह्यासच, पण ब्वेनोस आयरेस शहरांत, विचारावयाचें तर ‘केरेस अग्वा?’, स्पेनमध्यें चार मित्रांस विचारावयाचें तर ‘केरेइस अग्वा?’, आणि चार परक्या माणसांस, किंवा अमेरिकेंतील स्पॅनिश देशांत कोणाहि चौघांस, विचारावयाचें तर ‘किएरेन उस्तेदेस अग्वा?’. पांचहि वाक्यें शुद्ध आणि पांचहि ‘यू’चींच भाषांतरें. यांतलें योग्य कोणतें, हें कोश सांगत नाहीं. विचारणारा कोण, ज्यास विचारलें तो कोण, आणि दोघे कोणत्या देशांत व कोणत्या काळांत उभे आहेत, हें ठाऊक झाल्याशिवाय भाषांतरकाराची लेखणी पुढें सरकत नाहीं.

मराठी वाचकास ही अडचण फार समजावून सांगण्याची गरज नाहीं. आपल्याकडे ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा पायऱ्या आहेतच. आणि एकाच घरांत आईला ‘तूं’ व वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत वाढलेल्यांची संख्याहि आपल्यांत थोडी नाहीं. परंतु स्पॅनिश भाषेंतील या पायऱ्या गेल्या दीड हजार वर्षांत अनेकदां मोडल्या गेल्या आणि पुन्हां नव्यानें बांधल्या गेल्या. त्यांची हकीकत व्याकरणाच्या पुस्तकांत चार ओळींत उरकली जात असली, तरी ती वस्तुतः माणसांच्या मानापमानाची हकीकत आहे, आणि म्हणूनच ती येथें जरा विस्तारानें सांगण्याचें योजिलें आहे.

स्पॅनिश भाषेंत जवळच्या माणसास ‘तू’ म्हणतात. हा शब्द ऐकून मराठी माणसास घरच्यासारखें वाटावें, आणि तसें वाटण्यास सबळ कारणहि आहे. लॅटिनमधील ‘तू’ आणि संस्कृतांतील ‘त्वम्’ हे एकाच प्राचीन कुळांतले शब्द; पहिल्यापासून स्पॅनिश ‘तू’ निघाला आणि दुसऱ्यापासून प्राकृताच्या वाटेनें आपला ‘तूं’ आला. लॅटिनमध्यें अनेकांस उद्देशून ‘वोस’ म्हणत, आणि संस्कृतांत ‘युष्मद्’ या सर्वनामाचें ‘वः’ असें जें रूप आहे, तें त्याचेंच भावंड. जुन्या रोमन लोकांत मानाचा म्हणून निराळा शब्द नव्हता. सेनापति असो वा शेतकरी, एकटा असला कीं तो ‘तू’. पुढें साम्राज्याच्या उतरत्या काळांत, सुमारें चौथ्या शतकापासून, बादशहास ‘वोस’ म्हणण्याची रीत पडली. बादशहा स्वतःस ‘आम्ही’ म्हणूं लागला. तेव्हां समोरच्यानें त्यास ‘तुम्ही’ म्हणणें ओघानेंच आलें. एकास अनेक मानण्याची ही युक्ति पुढें युरोपांतील बहुतेक भाषांनीं उचलली. आपलें ‘तुम्ही’ हें त्याच जातीचें.

मध्ययुगीन स्पेनमध्यें अशा रीतीनें दोन पायऱ्या झाल्या: खालच्यास व जवळच्यास ‘तू’, आणि थोरास ‘वोस’. परंतु मानाच्या शब्दांचा एक स्वभाव असा आहे कीं ते वापरानें झिजतात. जो शब्द आज सरदारास लावला जातो, तो उद्यां कारकुनास हवासा वाटतो आणि परवां शिंप्यासहि. तो सर्वांना मिळाला म्हणजे सरदारास त्यांत मान उरत नाहीं. आपल्याकडील ‘राजमान्य राजेश्री’ या मायन्याचें काय झालें, हें स्मरून पाहावें. राजदरबारीं ज्याचा मान त्याचा तो मायना. पुढें त्याचें ‘रा. रा.’ झालें आणि टपालानें जाणाऱ्या कोणाहि गृहस्थाच्या पाकिटावर तें दिसूं लागलें. ‘वोस’ची गतहि अशीच झाली. पंधराव्या शतकापर्यंत तो इतका सर्रास झाला कीं मानाच्या माणसांस नवा शब्द शोधावा लागला. तेव्हां ‘वुएस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, हा प्रयोग पुढें आला. माणसाला सर्वनामानें हाक मारावयाचीच नाहीं. त्याच्या अंगच्या कृपेला उद्देशून बोलावयाचें, अशी ही अदब होती.

सोळाव्या शतकांत स्पेनमध्यें या शब्दांवरून किती चुरस होती, याचें चित्र १५५४ च्या सुमारास निनांवी प्रसिद्ध झालेल्या ‘लासारिल्यो दे तोर्मेस’ या लहानशा कादंबरींत पाहावयास मिळतें. एक अनाथ पोर आपली सगळी जीवनकथा कोणा अज्ञात बड्या गृहस्थास ‘वुएस्त्रा मेर्सेद’ असें संबोधून सांगतो. या पोराचा एक धनी खानदानी, पण पूर्ण कफल्लक. घरांत खाण्यास कांहीं नाहीं आणि स्वारी मात्र तलवार लावून ऐटींत रस्त्यानें हिंडते. या धन्यानें आपला गांव सोडण्याची जीं कारणें सांगितलीं, त्यांत मानापमानाच्या गोष्टींखेरीज दुसरें कांहीं नाहीं. देव तुमचें रक्षण करो, अशा साध्या शब्दांत रामराम करणाऱ्या एका कारागिराशीं त्याचा तंटा होतो. आपल्या हातांचें चुंबन घेतों असेंच त्यानें म्हणावयास हवें होतें, अशी याची तक्रार. पोटांत अन्न नसलेला माणूस एका शब्दासाठीं जिवावर उदार होतो, यावरून लेखकानें वाचकांस हंसविलें आहे. परंतु त्या हंसण्याखालीं त्या काळच्या समाजाचें दुखणेंहि आहे.

हें दुखणें इतकें वाढलें कीं शेवटीं राजालाच त्यांत हात घालावा लागला. अर्ध्या जगावर सत्ता चालविणाऱ्या दुसऱ्या फिलिप राजानें १५८६ सालीं एक फर्मान काढून कोणीं कोणास कोणत्या शब्दांनीं संबोधावें हें ठरवून दिलें. वाढत गेलेल्या पदव्यांना आळा घालणें हा त्याचा हेतु होता; आणि आरंभ त्यानें स्वतःपासून केला. राजास पाठवावयाच्या पत्राच्या शिरोभागीं लांबलचक बिरुदावली न लिहितां ‘सेन्योर’ हा एकच शब्द लिहावा, असा त्यानें दंडक घातला. पण फर्मानानें लोकांची जीभ कोठें बांधली जाते? ‘वुएस्त्रा मेर्सेद’ वाढतच राहिला. आणि ज्या ‘वोस’नें एके काळीं राजाचा मान राखला होता, तो आतां परक्या गृहस्थास लावणें म्हणजे त्याचा अपमान करणें, अशी स्थिति आली.

सर्व्हांतेस याच्या ‘डॉन क्विक्झोट’ या ग्रंथांत (पहिला भाग १६०५, दुसरा १६१५) या सर्व पायऱ्या एकत्र दिसतात. सांचो पान्सा आपल्या धन्याशीं बोलतांना ‘वुएस्त्रा मेर्सेद’ म्हणतो. डॉन क्विक्झोट त्यास प्रेमानें ‘तू’ म्हणतो. आणि जेव्हां त्याचा राग अनावर होतो तेव्हां तो एकदम ‘वोस’वर येतो. आपल्याकडे घरांतील वडील माणूस मुलावर रागावला म्हणजे नेहमींचें ‘तूं’ सोडून ‘अहो शहाणे, या इकडे’ असें म्हणतो, त्यांतलाच हा प्रकार. शब्द बदलला कीं सांचोला पुढील वादळाची चाहूल लागते. या ग्रंथाच्या पहिल्या भागाचें इंग्रजी भाषांतर टॉमस शेल्टन यानें १६१२ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच्या काळीं इंग्रजींतहि ‘दाऊ’ आणि ‘यू’ असे दोन शब्द जिवंत होते, म्हणून धनी व चाकर यांच्यामधील अंतर त्यास सर्वनामानेंच दाखवितां येत होतें. आजच्या इंग्रजी भाषांतरकाराजवळ तें साधन नाहीं.

‘वुएस्त्रा मेर्सेद’ हा प्रयोग रोजच्या बोलण्यास फार लांब. लोकांच्या तोंडीं तो घासत घासत ‘वुएसार्सेद’, ‘वुस्तेद’ अशा रूपांतून सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ‘उस्तेद’ येथें येऊन थांबला. हा ‘उस्तेद’ अरबी ‘उस्ताद’ या शब्दावरून आला असावा, असें कित्येकांस वाटत आलें आहे. स्पेनमध्यें अरबांचें राज्य शतकानुशतकें होतें, तेव्हां ही कल्पना सहज सुचण्यासारखी आहे, आणि उस्ताद हा शब्द परिचयाचा असल्यामुळें मराठी वाचकास ती आवडेलहि. परंतु मधलीं सर्व झिजलेलीं रूपें जुन्या नाटकांत व कागदपत्रांत सांपडतात, त्यामुळें ती टिकत नाहीं. शेजारच्या पोर्तुगीज भाषेंतहि ‘व्होसा मेर्से’ याच प्रयोगाचें झिजून ‘व्होसे’ झालें आहे.

या जन्मकथेमुळें ‘उस्तेद’चें व्याकरणहि चमत्कारिक झालें. तो बोलला जातो समोरच्या माणसास, पण त्याचें क्रियापद मात्र तृतीय पुरुषाचें. कारण मुळांत कर्ता माणूस नसून त्याची ‘कृपा’ आहे. ‘स्वारी केव्हां आली?’ असें आपण समोर उभ्या असलेल्या माणसालाच विचारतों, तेव्हां आपणहि हेंच करीत असतों.

आतां क्षणभर इंग्लंडकडे वळूं. कारण ‘यू’ हा शब्द असा एकटा कां पडला, हें कळल्याशिवाय भाषांतरकाराच्या अडचणीचें मूळ सांपडणार नाहीं. इंग्रजींत एकास ‘दाऊ’ व अनेकांस ‘यू’ म्हणत. पुढें फ्रेंचांच्या वळणानें मानाच्या एका माणसासहि ‘यू’ म्हणूं लागले. सतराव्या शतकाच्या आरंभीं ‘दाऊ’ हा शब्द शस्त्रासारखा वापरतां येत असे. १६०३ सालीं सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला असतां सरकारी वकील एडवर्ड कोक यानें भर न्यायालयांत त्यास मुद्दाम ‘दाऊ’ म्हणून त्याची अप्रतिष्ठा केली. पुढें त्याच शतकांत जॉर्ज फॉक्स व त्याचे क्वेकर अनुयायी यांनीं नेमकें उलट कारण देऊन तोच शब्द उचलला. देवापुढें सर्व माणसें समान. मग एकास अनेक मानण्याची ही खुशामत कशाला? म्हणून न्यायाधीश असो कीं भिकारी, ते सर्वांस ‘दाऊ’ म्हणत, आणि त्यापायीं मार व तुरुंगवास सोशीत. १६६० सालीं फॉक्स व त्याचे सहकारी यांनीं अनेक भाषांतील उदाहरणें देऊन एकवचनाचा कैवार घेणारें एक मोठें पुस्तकच काढलें. त्यांत स्पॅनिश भाषेचाहि समावेश आहे.

क्वेकर हरले. इंग्रज समाज सर्वांना समान मानण्याच्या बाजूनें सरकला, पण ‘दाऊ’ सर्वांस देऊन नव्हे, तर ‘यू’ सर्वांस देऊन. कोणाचा अपमान होऊं नये म्हणून प्रत्येकास वरची पायरी देण्यांत आली, आणि खालची ओस पडली. यांत लाभ झाला तसा तोटाहि झाला. ‘दाऊ’मध्यें अपमान होता, पण जवळीकहि होती, अपमान घालवितांना जवळीकहि गेली. पुढें तो शब्द प्रार्थनेंत व जुन्या काव्यांतच ऐकूं येऊं लागला, आणि त्यामुळें आजच्या इंग्रज माणसास तो फार भारदस्त वाटतो. वस्तुतः देवास ‘दाऊ’ म्हणत तें जवळिकीनें; आपणहि विठ्ठलास ‘तूं’च म्हणतों, आणि स्पॅनिश माणूस आपल्या प्रार्थनेंत देवास ‘तू’च म्हणतो.

इकडे स्पॅनिश ‘वोस’ची कथा संपली नव्हती. सोळाव्या शतकांत जे लोक जहाजांत बसून अमेरिकेस गेले, त्यांनीं त्या काळचा झिजत चाललेला ‘वोस’ बरोबर नेला. मेक्सिको व लिमा हीं राजप्रतिनिधींचीं शहरें. तेथें स्पेनमधून माणसें व रीतिभाती सतत येत. स्पेनमध्यें ‘वोस’ टाकून ‘तू’ व ‘उस्तेद’ एवढींच दोन ठेवण्याची चाल पडली, तेव्हां या शहरांनींहि तसेंच केलें. परंतु ला प्लाता नदीचा प्रदेश आणि मध्य अमेरिका हे मुलूख दूर पडले. तेथें ‘वोस’ टिकला आणि जवळिकीचा शब्द होऊन बसला. बादशहापासून निघालेला शब्द अखेर गुराख्यांच्या व भावंडांच्या बोलण्यांत स्थिरावला. विद्वानांस हें रुचलें नाहीं. व्हेनेझुएलांत जन्मलेला थोर पंडित आन्द्रेस बेल्यो यानें १८४७ सालीं अमेरिकन लोकांच्या उपयोगासाठीं म्हणून स्पॅनिश व्याकरण लिहिलें. त्यालाहि ‘वोस’ हा गांवढळपणाच वाटे. अर्जेंटिनांतील शाळांत पंतोजींनीं मुलांस ‘तू’ शिकवावा आणि मधल्या सुटींत त्याच मुलांनीं अंगणांत ‘वोस’ म्हणावें, असें दीर्घकाळ चाललें. अखेरीस १९८२ सालीं अर्जेंटिनाच्या साहित्य अकादमीनें ‘वोस’ हा सुशिक्षितांच्या भाषेचा रास्त भाग असल्याचें मान्य केलें. जो शब्द लोकांनीं सोडला नाहीं, त्यापुढें पंडितांनीं मान तुकविली. कोलंबियाच्या डोंगराळ भागांत तर जुन्या ‘मेर्सेद’चेंच ‘सुमेर्से’ असें रूप आजहि आहे, आणि तें दरबारी न राहतां मायेचें झालें आहे. आई मुलासहि ‘सुमेर्से’ म्हणते.

या शब्दांवर पुन्हां एकदां मोठा प्रसंग आला तो १९३६ सालीं, स्पेनच्या यादवी युद्धांत. त्या वर्षाच्या डिसेंबरांत जॉर्ज ऑर्वेल हा इंग्रज लेखक बार्सिलोना शहरीं पोंचला. त्याचा जन्म १९०३ सालीं बिहारांतील मोतीहारी येथें झालेला, आणि ब्रह्मदेशांत पोलिस अधिकारी म्हणून त्यानें हुकमतीची भाषा जवळून ऐकलेली. कामगारांच्या हातीं गेलेल्या त्या शहरांत कोणी कोणास ‘सेन्योर’ म्हणत नाहीं, ‘उस्तेद’हि म्हणत नाहीं, सर्वजण एकमेकांस ‘कामारादा’ व ‘तू’ म्हणतात, हें त्याच्या चटकन् ध्यानांत आलें. ज्याच्या स्वतःच्या भाषेंत हा भेदच नाहीं, त्या माणसास क्रांतीची पहिली खूण सर्वनामांत दिसावी, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कांहीं महिन्यांनीं, १९३७ च्या वसंतांत, तो आघाडीवरून परत आला तेव्हां ‘सेन्योर’ व ‘उस्तेद’ पुन्हां ऐकूं येऊं लागले होते. हें सर्व त्यानें १९३८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘होमेज टू कॅटॅलोनिया’ या पुस्तकांत नोंदविलें आहे. शहराचा रंग पालटत आहे हें त्यास ज्या खुणांवरून कळलें, त्यांत हे दोन शब्दहि होते.

परंतु एक गोष्ट विसरतां येत नाहीं. ज्या फालांखे पक्षाशीं या कामगारांची प्राणपणाची लढाई चालली होती, त्या पक्षाचे सभासदहि आपसांत ‘कामारादा’ व ‘तू’च म्हणत. दोन्ही छावण्यांत तोच शब्द. एकीकडे त्याचा अर्थ सर्व माणसें सारखीं असा, आणि दुसरीकडे आपल्या टोळींतलीं तेवढीं सारखीं असा. शब्दाच्या ठिकाणीं स्वतःचें पुण्य नसतें. तो कोणाच्या तोंडीं आहे, त्यावर सर्व अवलंबून असतें.

याच युद्धावर अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यानें १९४० सालीं ‘फॉर हूम द बेल टोल्स’ ही कादंबरी लिहिली. त्यांतील पात्रें स्पॅनिशांत बोलत आहेत असें समजावयाचें असतें. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतील अंतर इंग्रजी वाचकास कळावें कसें? हेमिंग्वेनें मेलेला ‘दाऊ’ उठविला आणि डोंगरांत लपलेल्या बंडखोर शेतकऱ्यांच्या तोंडीं घातला. कित्येक वाचकांस तो प्रयोग कृत्रिम वाटला, आणि तो तसा वाटणें साहजिकच होतें. कारण इंग्रजी कान ‘दाऊ’ ऐकतांच देवळांत जाऊन बसतो. तथापि तो प्रयत्न करण्याची गरज भासली, यावरूनच ‘यू’मध्यें काय हरवलें आहे तें कळून येतें.

उलट दिशेनें जाणाऱ्या, म्हणजे इंग्रजींतून स्पॅनिशांत भाषांतर करणाऱ्याची जबाबदारी तर याहून मोठी. समजा, एका इंग्रजी कादंबरींत पहिल्या प्रकरणांत एक तरुण व एक तरुणी परस्परांस परकीं म्हणून भेटतात आणि शेवटच्या प्रकरणांत त्यांचा विवाह होतो. मूळ लेखकानें आरंभापासून शेवटपर्यंत ‘यू’च लिहिलें आहे. स्पॅनिश भाषांतरकारास मात्र कोणत्या तरी एका पानावर, कोणत्या तरी एका वाक्यांत, ‘उस्तेद’चा ‘तू’ करावाच लागतो. तें पान कोणतें, हें मूळ लेखकानें कधींच सांगितलेलें नसतें. कदाचित् त्यानें त्याचा विचारहि केलेला नसतो. पहिला ‘तू’ कोणाच्या तोंडून निघाला, त्यावर कोण धीट व कोण लाजाळू हें ठरतें. दवाखान्यांत डॉक्टरनें म्हाताऱ्या शेतकऱ्यास ‘यू’ म्हटलें तर त्याचा ‘तू’ केल्यास म्हातारा दुखावतो, आणि ‘उस्तेद’ केल्यास त्याचा मान राहतो. उलट कोस्टारिकासारख्या देशांत घरांतील माणसेंहि एकमेकांस ‘उस्तेद’ म्हणतात. तेथें त्यावरून दुरावा कल्पिला तर चूक होईल. आणि १९७५ सालीं फ्रँको मरण पावल्यानंतर स्पेनमध्यें ‘तू’चा प्रसार एवढा झाला आहे कीं आजीच्या तारुण्यांतील कथेस जी निवड योग्य, ती नातीच्या कथेस शोभणार नाहीं.

‘यू’चा योग्य स्पॅनिश प्रतिशब्द कोणता, या प्रश्नास म्हणून एका शब्दांत उत्तर देतां येत नाहीं. समोरचा माणूस कोण, हें आधीं पाहावें लागतें. इंग्रजीनें ही पाहणी टाळण्याची सोय करून दिली. त्या सोयींत एक न्याय आहे, कारण रॅलेसारखा अपमान आतां कोणाच्या वांट्यास सर्वनामानें येत नाहीं. स्पॅनिश व मराठी या भाषांत ती सोय नाहीं. येथें तोंड उघडतांच आपण समोरच्यास कोठें बसविलें हें उघड होतें. रस्त्यावरच्या हमालास, घरीं भांडीं घासणाऱ्या बाईस, पाकिटें घेऊन येणाऱ्या पोस्टमनला आपण ‘तूं’ म्हणतों कीं ‘तुम्ही’, हा प्रश्न दिवसांतून दहा वेळां आपल्यापुढें येतो, आणि बहुतेक वेळां आपण त्याचें उत्तर विचार न करतां देऊन मोकळे होतों. भाषांतरकारास तेवढी मोकळीक नसते. त्यास दर वेळीं थांबून विचार करावा लागतो, आणि त्याच्या या थांबण्यापासून आपल्यासहि थोडें घेण्यासारखें आहे.